बागेतील मोझॅक शिल्पे : काच आणि तिच्या आतला सांगाडा

दगड, काच किंवा भाजलेली माती यांचे लहान तुकडे चुन्याच्या अथवा सिमेंटच्या ओल्या थरात शेजारी शेजारी बसवून केलेली सजावट म्हणजे मोझॅक. ही कला काही हजार वर्षे जुनी असली, तरी त्यातला बहुतेक काळ ती जमीन, भिंत आणि छत यांनाच धरून राहिली. उघड्यावर उभे असलेले, चारी बाजूंनी फिरून पाहता येईल असे काचेचे मोठे मोझॅक शिल्प मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतले आहे. त्याआधी रंगीत काच मिळत होती आणि ती बसवणारे कसबी कारागीरही होते. नव्हता तो हवा तसा वळवता येणारा, पावसाला दाद न देणारा आणि काचेचे वजन पेलणारा सांगाडा. त्यामुळे बागेतल्या मोझॅक शिल्पाचा इतिहास बऱ्याच अंशी काचेखाली काय घातले गेले याचा इतिहास आहे.

वक्र पृष्ठभागावर तुकडे बसवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. मेसोपोटेमियातील उरुक या शहरात इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकात भाजलेल्या मातीचे लहान शंकू गिलाव्यात खोचून खांब मढवले गेले. शंकूंची रंगवलेली टोके बाहेर राहत आणि त्यांतून नक्षी उमटे. मेक्सिकोत पंधराव्या-सोळाव्या शतकांत कोरीव लाकडावर पिरोजाचे बारीक तुकडे चिकटवून मूर्ती केल्या जात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला दुतोंडी साप हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. पण उरुकचे खांब वास्तूचा भाग होते आणि मेक्सिकोतल्या मूर्ती हाताळता येतील एवढ्या लहान होत्या.

काचेचे मोझॅक बागेत आले ते रोमन काळात. श्रीमंतांच्या घरामागच्या बागेत कारंज्यासाठी गुहेसारखा कोनाडा बांधत आणि त्याला शिंपले, प्युमिस दगड व निळ्या काचेचे तुकडे जडवत. दगडी फरशीवर झिजून जाणारी काच कारंज्याच्या भिंतीवर सुरक्षित राही, शिवाय पाण्याच्या उजेडात चमके. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईत अशी कारंजी आजही जागेवर आहेत. जवळच्या हर्क्युलेनियममधल्या एका घराच्या लहानशा अंगणात नेपच्यून आणि अँफिट्राइटी यांचे काचेच्या तुकड्यांतले चित्र भिंतीवर टिकून आहे. पाँपेईच्या वेशीबाहेरील एका वाड्याच्या बागेत तर चार खांब नखशिखांत मोझॅकने मढवलेले सापडले. ते आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवले आहेत. मोझॅकला गोलाई देण्याची रोमन कारागिरांची झेप या खांबांपर्यंत पोचली होती. आत विटांचे बांधकाम, वर चुना आणि त्यावर तुकडे, अशी ही रचना होती. वीट रचून खांब होतो, पण पंख पसरलेला पक्षी किंवा नाचणारी बाई होत नाही.

पुढे बायझंटाइन काळात काच अधिक समृद्ध झाली. वितळलेल्या काचेत धातूंची भस्मे मिसळून अपारदर्शक रंग आणले जात. तिची जाड चकती ओतून, थंड झाल्यावर हातोडीने तिचे चौकोनी तुकडे पाडत. या तुकड्यांना इटालियन कारागीर स्माल्ती म्हणतात. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवून सोनेरी तुकडे तयार होत. इटलीतल्या राव्हेन्ना येथे ५४७ मध्ये अभिषेक झालेले सान व्हिताले चर्च या कामाचा मानदंड समजले जाते. तिथल्या तुकड्यांची पातळी हेतुपुरस्सर किंचित तिरपी-वाकडी ठेवली असल्याने उजेड वेगवेगळ्या दिशांना फेकला जातो. पण ही सारी झळाळी देवळाच्या आत, कमानी-घुमटांवर राहिली. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आगीच्या भयाने काचेच्या भट्ट्या शहरातून मुरानो बेटावर हलवल्या आणि मुरानो हे नाव काचेशी कायमचे जोडले गेले. एकोणिसाव्या शतकात तिथला ओसरलेला मोझॅकधंदा पुन्हा उभा करण्यात अंतोनियो साल्व्हियाती या वकिलाचा मोठा हात होता. त्याने १८५९ मध्ये आपली कंपनी काढली. त्याच सुमारास फ्रियुली प्रांतातला कारागीर जान दोमेनिको फाक्किना याने पॅरिसच्या ऑपेरागृहासाठी उलट्या पद्धतीचा वापर केला. या पद्धतीत तुकडे कार्यशाळेतच कागदावर उलटे चिकटवतात, कागदाचे तक्ते कामाच्या जागी नेऊन ओल्या गिलाव्यावर दाबतात आणि मग कागद भिजवून सोलून काढतात. काम झपाट्याने आणि स्वस्तात होऊ लागले. सपाट भिंतीसाठी ही पद्धत वरदान ठरली, पण जिथे प्रत्येक वितीला उंचवटा बदलतो अशा शिल्पावर ताठ कागद बसत नाही. तिथे तुकडा हातानेच, एकेक करून लावावा लागतो. आजही बागेतल्या शिल्पांचे काम याच थेट पद्धतीने होते.

सांगाड्याचा प्रश्न सुटला तो एका माळ्यामुळे. पॅरिसजवळ बागकाम करणारा जोझेफ मोनिए मातीच्या आणि लाकडाच्या कुंड्या फुटतात, कुजतात म्हणून त्रासला होता. सिमेंटची कुंडी टिकाऊ, पण मुळांच्या ताणाने तडकणारी. त्याने सिमेंटच्या थरात लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये अशा कुंड्यांचे पेटंट घेतले. दाब सिमेंट सोसते आणि ताण लोखंड, या साध्या वाटणीतून पातळ तरीही बळकट कवच करता येऊ लागले. सळईचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी आणि जाळीत दाबलेला सिमेंटचा लगदा एवढ्यावर कोणताही आकार उभा राहू शकत होता. पुढे फेरोसिमेंट म्हणून ओळखल्या गेलेल्या या तंत्राने मोझॅकला भिंतीपासून मोकळे केले.

त्याच काळात दुसरा बदल घडला तो तुकड्यांच्या बाबतीत. स्माल्ती महाग होती. कारखान्यांत छापाच्या फरशा, बाटल्या आणि कपबश्या ढिगांनी तयार होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या फुटक्या मालाचेही ढीग साचू लागले. वास्तुकार आंतोनी गौदी याने बार्सिलोनात या ढिगांकडे कच्चा माल म्हणून पाहिले. सपाट फरशी वळणदार भिंतीवर बसत नाही, पण फोडली तर तिचे तुकडे कुठल्याही वळणावर बसतात. कॅटलन भाषेत त्रेंकादिस म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत त्याने १८८०च्या दशकात उद्योगपती एउसेबी ग्वेलच्या इस्टेटीवरील इमारतींत प्रथम वापरली. ग्वेलच्याच पैशावर १९०० ते १९१४ या काळात पार्क ग्वेल बांधले गेले. मुळात ती साठेक बंगल्यांची वसाहत व्हायची होती. दोनच घरे झाली आणि योजना बुडाली, पण बाग उरली. १९२६ मध्ये ती सार्वजनिक झाली आणि १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

पार्क ग्वेलच्या मुख्य जिन्यावरची, तुकड्यांनी मढवलेली पाल किंवा ड्रॅगन हे आधुनिक बागेतील मोझॅक शिल्पांचे मूळपीठ मानावे लागेल. ती नुसती शोभेची नाही. वरच्या प्रशस्त गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी खालच्या ८६ खांबांमधून गाळले जात जमिनीखालच्या टाकीत उतरते, आणि टाकी भरल्यावर जादा पाणी या पालीच्या तोंडातून वाहते. गच्चीच्या कडेने सुमारे ११० मीटर लांबीचा नागमोडी बाक आहे. त्यावरच्या रंगसंगतीचे श्रेय मुख्यतः गौदीचा सहकारी जुझेप मरिया जुजोल याला जाते. त्यानेच खांबांवरच्या छतात फुटक्या बाटल्या आणि बश्या बसवून गोल चकत्या केल्या. तुकड्यांची निवड कारागिराच्या हातात आली की एकही चौरस फूट दुसऱ्यासारखा होत नाही, हे या बाकाने दाखवून दिले.

गौदीजवळ धनिक आश्रयदाता होता, गवंड्यांचा ताफा होता. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत राहणाऱ्या सायमन रोडिया या इटालियन स्थलांतरिताजवळ यांतले काहीच नव्हते. दिवसा फरशा बसवणे, बांधकामावर मजुरी करणे आणि उरलेल्या वेळात आपल्या चिंचोळ्या तिकोनी जागेत मनोरे उभारणे असा त्याचा क्रम १९२१ ते १९५४ चालला. जवळच्या रेल्वेरुळांत अडकवून तो लोखंडी सळया वाकवी. जोडकामासाठी ना वेल्डिंग, ना नटबोल्ट. सांध्यांवर तार आणि जाळी गुंडाळायची, वर सिमेंट थापायचे आणि ते ओले असतानाच बाटल्यांच्या काचा, फरश्यांचे तुकडे, शिंपले खोचायचे. हिरव्या काचा सेव्हन-अपच्या बाटल्यांच्या आणि निळ्या मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या. रोडियाने परांचीही बांधली नाही. आधीचा कप्पा वाळला की त्यावरच चढून तो पुढचा करी. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा झाला. रोडिया वस्ती सोडून गेल्यावर महापालिकेने हे बांधकाम धोकादायक ठरवून पाडण्याचे ठरवले. त्यावर १९५९ मध्ये मनोऱ्यावर दहा हजार पौंडांचा आडवा ताण देऊन चाचणी घेण्यात आली. मनोरा जागेवर राहिला, ताण देणारी यंत्रणाच वाकू लागली, आणि पाडण्याचा हुकूम मागे पडला. १९९० मध्ये या मनोऱ्यांना अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

फ्रान्समधल्या शार्त्र गावी रेमाँ इझिदोर हा स्मशानभूमीत झाडलोट करणारा माणूस १९३८ पासून शेतांत, उकिरड्यांत सापडणारे काच-कपबश्यांचे तुकडे गोळा करत होता. १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने घर, अंगण, बागेतल्या भिंती आणि घरातले फर्निचरही मढवून काढले. त्याच्या घराला फ्रान्स सरकारने पुढे संरक्षित वास्तू म्हणून मान्यता दिली. रोडिया आणि इझिदोर यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. दोघांच्या हाती फुटका माल आणि सिमेंट एकाच काळात आले होते.

या कलेचा सर्वांत मोठा संकल्प इटलीत तडीस गेला. फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार निकी द सँ फाल हिने १९५५ मध्ये पार्क ग्वेल पाहिले आणि आपणही कधीतरी शिल्पांची बाग करायची असे ठरवले. १९६० आणि ७०च्या दशकांत ती पॉलिएस्टरची मोठमोठी रंगीत शिल्पे करत होती, पण पॉलिएस्टरच्या धुळीने आणि वाफांनी तिची फुप्फुसे निकामी होऊ लागली. टस्कनीतील कापाल्बियोजवळच्या गाराविक्यो येथे मित्रपरिवाराकडून मिळालेल्या जमिनीवर १९७८च्या सुमारास तिने टॅरो गार्डनचे काम सुरू केले. टॅरोच्या पत्त्यांतील २२ मुख्य पत्त्यांवरून तिथली शिल्पे बेतली आहेत. त्यांतला मनोरा आरशांनी मढवलेला आणि वरून मोडून पडणारा आहे.

या बागेचे काम कसे झाले हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या अनेकांनी तेच अनुसरले. निकीचा पती जाँ टँग्ली आणि त्याचे सहकारी यांनी लोखंडी सळया जोडून सांगाडे उभारले. सांगाड्यांवर जाळी ताणून सिमेंट फवारले गेले. मग मढवण्याचे काम. चिनी मातीचे तुकडे शिल्पावरच ओल्या मातीने घडवत, त्यांना क्रमांक देत, काढून भट्टीत भाजत, ग्लेझ चढवत आणि पुन्हा त्याच जागी बसवत. भाजताना माती सुमारे दहा टक्के आक्रसते. त्यामुळे परत बसवलेल्या प्रत्येक तुकड्याभोवती फट राहते. ती फट हाताने कापलेल्या काचेच्या आणि आरशाच्या पट्ट्यांनी भरली गेली. जे भट्टीचे वैगुण्य होते, तेच या शिल्पांच्या चकाकीचे कारण झाले. काचेत मुरानोचा मालही होता. कामावरचे बहुतेक लोक आसपासच्या गावांतले होते. गावचा एक टपालवाला काच बसवण्यात इतका रमला की पुढची कित्येक वर्षे तो याच कामावर राहिला. ‘सम्राज्ञी’ या स्फिंक्सच्या आकाराच्या शिल्पाच्या पोटात निकी काही वर्षे राहिली. आतली प्रत्येक भिंत आरशांच्या तुकड्यांनी मढवलेली होती. सांधेदुखीने हात वाकडे होत असतानाही तिने काम थांबवले नाही, आणि खर्चाचा मोठा भाग १९८२ मध्ये स्वतःच्या नावाने काढलेल्या अत्तराच्या विक्रीतून उभा केला. बाग १९९८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. निकीने जर्मनीतील हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या सतराव्या शतकातील गुहेला काच आणि आरशांच्या नक्षीचा नवा साज आखून दिला. कॅलिफोर्नियातील एस्कोंडिडो येथे तिने मोझॅक शिल्पांचे एक वर्तुळही रचले. २००२ मध्ये तिचे निधन झाले. ही दोन्ही कामे त्यानंतर, २००३ मध्ये, लोकांसमोर आली.

भारतात याच वाटेवरचे सर्वांत मोठे काम चंदीगडला झाले, आणि तेही कोणाला न सांगता. फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या गावातून आलेले नेकचंद सैनी चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. वास्तुकार ल कोर्बुझिएच्या आराखड्यानुसार नवे शहर बांधण्यासाठी पाडलेल्या खेड्यांचा मलबा त्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता. १९५७च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या राखीव वनजमिनीत सायकलवरून हा माल वाहायला आणि फावल्या वेळात त्याच्या मूर्ती करायला सुरुवात केली. सळया, सायकलींचे जुने सुटे भाग यांचा सांगाडा, वर सिमेंट आणि वरच्या ओल्या थरात फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेच्या चिनी मातीच्या फ्यूज-पेट्यांचे तुकडे. हिरव्या, लाल, निळ्या बांगड्यांचे तुकडे उभे खोचून केलेले घागरे घातलेल्या बायकांच्या रांगा ही या बागेची ओळख आहे. बांगडीचा तुकडा मुळातच वक्र असल्याने दंडाच्या, कमरेच्या गोलाईवर तो न कापताच बसतो. १९७०च्या दशकात हे बेकायदा काम अधिकाऱ्यांच्या नजरेस आले. ते पाडण्याऐवजी सरकारने १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून खुले केले आणि नेकचंदांना पगारी पद व हाताखाली मजूर दिले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

फुटक्या फरशीचे तंत्र मुंबई-पुण्याच्या घरांना आधीपासून परिचित होते, मात्र कलाकृती म्हणून नव्हे. गच्चीची गळती थांबवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर फुटक्या पांढऱ्या फरश्या बसवतात. याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात. पांढरा रंग ऊन परतवतो, गुळगुळीत तुकड्यांवरून पाणी घरंगळते आणि गच्ची व कठड्याच्या सांध्यातल्या गोलाईवरही तुकडे बिनबोभाट बसतात. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी हेच गच्चीवरचे तंत्र अहमदाबादमध्ये वास्तुशिल्पाच्या पातळीवर नेले. १९८०च्या सुमारास बांधलेल्या ‘संगाथ’ या त्यांच्या कार्यालयाच्या कमानदार छतांवर चायना मोझॅक आहे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठी १९९०च्या दशकात बांधलेल्या ‘अमदावाद नी गुफा’चे घुमट फेरोसिमेंटचे आहेत. त्यांवर पांढऱ्या तुकड्यांचे आवरण असून त्यातून काळा साप वळणे घेत जातो. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला.

आज घरच्या बागेसाठी केली जाणारी शिल्पे या सगळ्या प्रयोगांची वारसदार आहेत. मोठ्या शिल्पाला अजूनही सळई, जाळी आणि सिमेंटचाच सांगाडा लागतो. तो उभारण्याआधी जमिनीत पाया भरून त्यातून सळया वर काढून ठेवतात, नाहीतर वाऱ्याने आणि स्वतःच्या वजनाने शिल्प कलते. लहान शिल्पासाठी थर्माकोलचा ठोकळा कोरून त्यावर काचतंतूंची जाळी आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा थर चढवतात, त्यामुळे वजन बरेच कमी होते. सिमेंटला आठवडाभर पाणी मारल्याशिवाय काच लावायला घेत नाहीत. काच दोन चाकांच्या चिमट्याने तोडतात. चाकांच्या कडेत धरून दाबली की तुकडा रेषेत सुटतो. गोलाई जितकी आवळ, तितका तुकडा लहान हवा. नाकाच्या शेंड्यावर किंवा बोटांवर नखाएवढे तुकडे लागतात, तर पाठीवर तळहाताएवढा चालतो.

काच पाणी शोषत नाही, म्हणून साधा सिमेंटचा लगदा तिला नीट धरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिमर मिसळलेले पातळ थराचे सिमेंट बाजारात आले आणि काम सोपे झाले. पारदर्शक काचेखाली पांढराच लगदा वापरतात, कारण करडा लगदा काचेतून दिसून रंग मळवतो. उलट फटींत भरायचे मिश्रण गडद असेल तर रंग उठून दिसतात. फटी भरण्याआधी तुकड्यांच्या धारदार कडा खरखरीत दगडाने घासाव्या लागतात, कारण बागेतले शिल्प मुलांच्या हाती लागते. आरशाला आणखी एक धोका असतो. सिमेंटमधला क्षार आणि कडेने शिरणारे पाणी मागचा चांदीचा लेप खाऊन टाकतात आणि आरसा काठापासून काळा पडू लागतो. त्यासाठी मागची बाजू आधी लेपाने बंद करून मगच तो बसवतात.

या शिल्पांची दुखणी बहुधा काचेची नसतात. काच शतकानुशतके तशीच राहते, हे पाँपेईने सिद्ध केले आहे. धोका आत असतो. एखादी बारीक भेग पडली, त्यातून पाणी शिरले की सळई गंजते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, वरचे सिमेंट फुगते आणि काचेचे तुकडे खपलीसह निखळतात. थंड प्रदेशात भेगेतले पाणी गोठूनही तेच होते. वॉट्सचे मनोरे दिवसाच्या उन्हाने प्रसरण पावतात, रात्री आकुंचन पावतात. या रोजच्या हालचालीने पडणाऱ्या भेगा बुजवण्यासाठी तिथे जतन-दुरुस्तीची कामे सतत करावी लागतात. माणसांकडूनही धोका असतो. पार्क ग्वेलमधल्या पालीचे डोके २००७ मध्ये समाजकंटकांनी फोडले आणि ते पुन्हा घडवावे लागले. चंदीगडच्या बागेलाही नासधूस सोसावी लागली आहे. मुख्य धोका आतल्या गंजाचा, म्हणून जाणकार दुरुस्तीत निखळलेला तुकडा परत लावण्याआधी तो का निखळला हे पाहिले जाते, भेग मोकळी करून सळईवरचा गंज काढला जातो, आणि नव्या शिल्पात आरंभापासूनच जस्ताचा लेप दिलेली किंवा न गंजणाऱ्या पोलादाची जाळी वापरली जाते.